मोनाची प्रगतिपुस्तकं

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांची वह्यातुला होती. पंचाहत्तरीचा मान म्हणून त्यांना तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतक्या वह्या रचायच्या आणि त्या वह्या त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या चारही शाळांतल्या गरीब पोरांना वाटायच्या, असा बेत धाकट्या मुलानं, अमरसिंहानं आखला होता. संस्थेचा सचिव तोच. दिवाणखान्यात वह्यांचे गठ्ठे भिंतीला लागून छातीएवढे चढले होते आणि माणसांना बसायला जागा उरली नव्हती. हंबीरराव, घरातले आबा, तोंडानं नको नको म्हणत होते, पण आठ दिवसांत ते दोनदा गुपचूप वजनकाट्यावर उभे राहिले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा रविवारी, दुपारच्या चहाला, थोरल्या सुनेनं त्यांच्यापुढं एक कागद ठेवला.

"आबा, ह्यावर तुमची सही पाहिजे. अध्यक्ष म्हणून," संयोगिता म्हणाली. "उद्या बाराच्या आत जयसिंगपूरला पोचायला पाहिजे."

आबांनी बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि मजकूर पुटपुटत वाचला. कुमारी मोना हिला पहिली ते पाचवी या इयत्तांत देण्यात आलेल्या श्रेणी तिच्या प्रत्यक्ष प्रगतीवर आधारलेल्या नाहीत. तिला अद्याप अक्षरओळख नाही. शाळेने ही बाब कधीही नोंदवली नाही, याबद्दल संस्था दिलगीर आहे. 'दिलगीर'पाशी ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"हे मी लिहून द्यायचं?"

"व्हय."

"उद्या माझा सत्कार हाय, आणि आज मी लिहून देऊ, की माझ्या शाळंत खोटं निकाल लावत्यात?"

"लावलेत की, आबा. खोटेच आहेत ते."

आबांशी असं कुणी बोलत नसे. त्यांची थोरली बहीण, आक्का, गठ्ठ्याला टेकून मोनाची वेणी घालत बसली होती, तिचा हात जागच्या जागी थांबला. संयोगिताच्या लेकीला, मोनाला, मात्र त्याचं काही नव्हतं. ती वह्यांची वेष्टनं नखानं सोलण्यात गुंग होती. येत्या जूनमध्ये तिला अकरा वर्षं पुरी व्हायची होती. गल्लीत शिरणारी प्रत्येक गाडी ती नुसत्या आवाजावरून ओळखायची, घरात येईल त्याला आधी 'जेवलासा का?' विचारायची, आणि क कुठला नि ख कुठला हे तिला पाच वर्षांत सांगता आलं नव्हतं.

जयसिंगपूरच्या त्या केंद्रात वर्षाला सहाच मुलं घेत. शाळेला ज्यांचं काय करावं ते कळत नाही अशा मुलांना हाताला धरून स्वतःचं नाव लिहायला, दुकानातून सामान आणायला, एकटं एस.टी.त चढून बरोबर थांब्यावर उतरायला शिकवत. असं दुसरं ठिकाण संयोगिताला दोन वर्षं पायपीट करूनही जवळपास सापडलं नव्हतं. अकरा पुरी झालेलं मूल मात्र ते घेत नसत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्ज आले होते त्रेसष्ट.

काल, शनिवारी, केंद्राच्या निवड समितीपुढं मोनाची पाच प्रगतिपुस्तकं उघडली गेली. अ-दोन, अ-दोन, अ-एक. 'विशेष प्रगती' या रकान्यात लिहिलेलं, 'हस्ताक्षर वळणदार. परिपाठात हिरिरीने भाग घेते.' आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात पाचही वर्षं पट्टीनं मारलेली एक सरळ रेघ. समितीतले एक वयस्क गृहस्थ चेष्टेत म्हणाले, "बाई, ही पोरगी आमच्या मास्तरांना शिकवंल की." बाकीचे हसले. संयोगिताही हसली. आपण का हसलो, याची तिला रात्रभर लाज वाटत राहिली.

केंद्राच्या विशेष शिक्षिका दानेश्वरी मॅडम तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या. दर दुसऱ्या शनिवारी त्या अशा मुलांच्या पालकांचा गट भरवत. कुठल्या दाखल्याला कुठं जायचं, शाळेकडं काय मागायचा हक्क आहे, नाही म्हटलं तर कुणाकडं तक्रार करायची, हे सगळं त्यांनी एका छोट्या पुस्तिकेत छापून घेतलं होतं. गटात संयोगिता त्यांची लाडकी.

"ताई, कागदावर तुमची मुलगी हुशार हाय," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्या श्रेणी खऱ्या न्हाईत एवढं शाळेनं लिहून दिलं, तर पुढचं मी भांडते. सोमवारी बारापर्यंत थांबवलंय त्यांना."

हे सगळं तिनं आता आबांना पुन्हा सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"आणि आकाराम गुरुजींचं काय?" ते म्हणाले. "हेडमास्तर म्हणून निकालावर सही त्यांची हाय. पुढल्या महिन्यात रिटायर व्हायचाय माणूस. हा कागद भाईर गेला की पहिली चौकशी त्यांची. चौतीस वरसं चाकरी केली त्यांनी आपल्याकडं."

"मोनाचं काय, ते पण एकदा म्हणा की आबा."

आबांनी कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या घराखाली ठेवला.

*

अंगणात अमरसिंहानं थोरल्या भावाला गाडीच्या आडोशाला गाठलं होतं. उदयसिंह गोकुळ शिरगावच्या कारखान्यात इंजिनिअर. संस्थेच्या भानगडीत पडायचं नाही म्हणून तो वीस वर्षांपूर्वी बाजूला झाला, तेव्हापासून घरातल्या कुठल्याच भानगडीत तो पडला नव्हता.

"दादा, मोना माझीबी पोरगीच हाय का न्हाई?" अमरसिंह म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त तिला कोण फिरवतंय गाडीतनं?"

"तूच फिरवतोस."

"मग ऐक. हा कागद एकदा संस्थेच्या शिक्क्यानं गेला, की ऑगस्टच्या निवडणुकीत आबांच्या विरोधातली मंडळी तोच कागद गल्लोगल्ली वाटणार. चार शाळा हायत दादा, एक न्हाई. आणि कशासाठी? तिथं जाऊन ती काय शिकणार? नाव लिहायला. हिथं तिला नाव लिहायची गरज तरी कवा पडणार हाय? हंबीररावांची नात हाय ती. अख्खं कोल्हापूर वळखतंय."

उदयसिंहाला हे पटत होतं, आणि पटतंय याचा रागही येत होता. प्रत्येक प्रगतिपुस्तकात खाली पालकाच्या सहीची जागा असते. वर्षातून दोनदा, पाच वर्षं, तिथं त्यानं सही केली होती. कामावर जायच्या घाईत, बुटाची नाडी बांधता बांधता. एकदाही त्यानं पुस्तक वरपासून खालपर्यंत वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर विचारावं लागलं असतं, की जिला पेन्सिल धरता येत नाही तिचं अक्षर वळणदार कसं.

"आबा गेल्यावर?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आबा गेल्यावर कोण वळखणार तिला? तू, मी गेल्यावर?"

"तवाचं तवा बघू की," अमरसिंह म्हणाला, आणि त्या वाक्यानं उदयसिंहाचं जे व्हायचं ते झालं. तो वळला आणि पायऱ्या चढून सरळ दिवाणखान्यात गेला.

"आबा, सही करा," तो म्हणाला.

संयोगितानं नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू परक्या माणसानं येऊन तिची बाजू घेतली होती. आबा काही बोलायच्या आत आक्काही बोलली. मोनाच्या पायी तिनं पाच वर्षांत एक देव सोडला नव्हता. अनवाणी फिरली, उपास केले, कुणी सांगेल तो अंगारा आणला. केंद्राचं नाव काढलं की सगळ्यांत आधी तीच फणकारायची. पण आज तिनं वेणीचं टोक बांधलं आणि भावाकडं न बघता म्हणाली,

"कर रं, हंबीर. मी एवढं नवस केलं, एकबी देव मला म्हणाला न्हाई की हिला हिथं घाल नि तिथं घाल. हिनं पाय झिजवून शोधून काढलंय तर जाऊ दे की पोरीला. माझ्या माघारी हिची वेणी हिला घालाय आली म्हंजे बास."

दोघंही फिरले म्हटल्यावर आबा मऊ पडले. त्यांनी घडी उलगडली, खिशातलं पेन काढलं.

"गुरुजींची स्कूटर!" मोना आनंदानं ओरडली.

*

आकाराम गुरुजींना अमरसिंहानंच फोन करून बोलावलं होतं. ते दारात चपला काढून आत आले, हातात कापडी पिशवी. "जेवलासा का, गुरुजी?" मोनानं विचारलं. "जेवलो, बाळ," म्हणून ते उभेच राहिले. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

आबांना वाटलं, बरं झालं, या माणसाच्या तोंडानंच एकदा ठरून जाऊ दे. मघापासून एक गोष्ट त्यांना सलत होती. सून आपल्याला लबाड समजते. त्यांनी आयुष्यात पुष्कळ शब्द टाकले होते, बदल्या करवल्या होत्या, प्रवेश मिळवून दिले होते, पण नातीच्या श्रेणीसाठी त्यांनी कुणाला शब्द टाकला नव्हता.

"गुरुजी, देवाशपथ सांगा. मोनाला चांगल्या श्रेणी द्या म्हणून मी तुम्हाला कधी सांगितलंतं?"

"न्हाई, आबासाहेब."

"बघ," आबा सुनेला म्हणाले.

"सांगायला लागलंच न्हाई," गुरुजी म्हणाले. "अध्यक्षांच्या नातीला ड कोण देणार? दुसरीच्या बाईंनी अ-दोन दिला. तिसरीच्यांनी दुसरीचं बघून दिला. चौथीला हस्ताक्षर वळणदार म्हणून लिहिलं, तेबी मी वाचलं आणि सही केली. मला ठाऊक हुतं."

हीच पुस्तकं आबांनी आल्यागेल्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवली होती. पोरगी बोलायला जरा मागं आहे पण डोकं चांगलं आहे, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना ते खरं वाटायचं. नात समोर बसून काय करते ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण आपल्या शाळेच्या शिक्क्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. हा माणूस आपल्याला ओळखून होता, आणि आपण स्वतःला नव्हतो, याचं त्यांना आत कुठंतरी फार लागलं.

"सही करा तुम्ही," गुरुजी पुढं म्हणाले. "चौकशी झाली तर होऊ दे. पण अमरसिंहांनी फोनवर मजकूर वाचून दाखवला. त्यात 'शाळेने ही बाब कधीही नोंदवली नाही' असं हाय. ते वाक्य तेवढं काढा."

"का काढायचं?" संयोगितानं विचारलं. "कुणी सांगितलंय आम्हाला पाच वर्षांत?"

गुरुजींनी पिशवीत हात घातला.

"वहिनीसाहेब, खरंच तुमच्या ध्यानात न्हाई?"

त्यांनी पिशवीतून एक प्रगतिपुस्तक काढलं. कडा पिवळ्या पडलेलं, पहिलीचं. आत सगळ्या विषयांपुढं ड होता. आणि 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात निळ्या शाईत, न मावल्यामुळं समासात चढलेल्या ओळी होत्या. गुरुजींनी त्या मोठ्यानं वाचल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"'वर्ष संपत आले तरी अक्षरओळख नाही. दोन गोष्टी एकदम सांगितल्यास गोंधळते. मूल गुणी व प्रेमळ आहे. तज्ज्ञांकडून लवकर तपासणी करून घ्यावी. मी सोबत येण्यास तयार आहे.'"

*

संयोगिताला सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच, कारण ती ते कधी विसरली नव्हती, फक्त त्यावर दुसरं काही रचत गेली होती.

एप्रिलचा महिना, गुरुजींची खोली, टेबलावरची दोन तुकडे झालेली काच. हे पुस्तक मी घरी न्यायचं कसं, असं म्हणून ती रडली होती. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली पोर. आधीच घरात आक्का, पोरगी नीट बोलावी म्हणून, तिच्या जिभेला मध लावत होती, पाहुण्यांच्या बायका कुजबुजत होत्या. गुरुजी, एवढं एक वर्ष जाऊ द्या, पुढच्या वर्षी सुधारेल ती. गुरुजींनी कपाटातून कोरं पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर स्वतःच्या हातानं भरलं. आणि त्याच आठवड्यात रात्री आबांना वाढताना ती सहज बोलून गेली होती, की पहिलीच्या बाई मोनाचा राग करतात. एवढंच वाक्य. जूनमध्ये त्या बाई वर्गावर नव्हत्या. संयोगितानं कुठं गेल्या म्हणून विचारलंही नव्हतं.

नंतर ती जयसिंगपूरच्या गटात गेली. पहिल्याच शनिवारी उभं राहून तिनं सांगितलं, आम्हाला इतकी वर्षं कुणी काही सांगितलं नाही, शाळेनं फसवलं. बायका डोळे पुसू लागल्या. एकीनं तर येऊन मिठी मारली. मग ती दर वेळी तेच सांगत गेली आणि दर वेळी ते जरा अधिक खरं होत गेलं. दानेश्वरी मॅडमनी ती हकीकत पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घातली होती. समितीच्या अर्जासोबत तेच निवेदन जोडलं होतं, खाली तिची सही आणि साक्षीदार म्हणून मॅडमची.

"हे लिहिणाऱ्या बाई कुठं असतात आता?" आक्कानं विचारलं.

"बिद्रीकडच्या आपल्या शाळंत," गुरुजी म्हणाले. "रोज दोन एस.टी. बदलून जात्यात. नोंद केली न्हाई म्हणून चौकशी झाली, तर पहिलं त्यांनाच बोलवतील. आणि त्यांनी तर केली हुती. हे पुस्तक फाडून टाक म्हणालं माझं मन, हात झाला न्हाई."

खाली मान घातलेल्या बायकोकडं उदयसिंह वळला. "मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलंत? सही केलीत आणि गेलात."

"म्हणून काय मला..."

"दादा, थांब." अमरसिंह मधे पडला. त्याच्या चेहऱ्यावर मघापासून काहीतरी हिशेब चालला होता आणि तो आता जुळला होता. "वैनी बरोबर हायत. आबा, करा सही. एक ओळ बदलू. 'वर्गशिक्षिकेने ही बाब नोंदवली नाही' असं घालू. गुरुजी सुटतील, संस्था सुटंल, मोनाला जागाबी मिळंल. गुरुजी, ते पुस्तक द्या हिकडं."

आबांनी पेन अजून खाली ठेवलं नव्हतं. उदयसिंह जमिनीकडं बघत होता. आक्कानं मोनाला जवळ ओढलं होतं. घरातली सगळी भांडणं, थोरल्या-धाकट्याचा दुरावा, सासऱ्या-सुनेची तेढ, सगळं एका झटक्यात मिटत होतं. मधे फक्त एक बाई येत होती, आणि तिचं नावही संयोगिताला आठवत नव्हतं.

"वैनी, म्हणा की काहीतरी," अमरसिंह म्हणाला. "तुमच्यासाठीच चाललंय हे."

संयोगितानं गुरुजींच्या हातातून पुस्तक घेतलं. त्या निळ्या ओळींवरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग फोन घेऊन ती मागच्या पडवीत गेली. उदयसिंह तिच्यामागं गेला नाही.

*

"बोला ताई, झाली सही?" दानेश्वरी मॅडमनी फोन उचलताच विचारलं. पलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, मी खोटं बोलले होते."

भांड्यांचा आवाज थांबला. संयोगितानं सगळं सांगितलं. पहिलीचं पुस्तक, गुरुजींची खोली, त्या बाईंची बदली. सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मॅडमनी समजूत घातली असती, आणि ते तिला नको होतं.

"गटात मी पन्नास बायकांना सांगत आले," मॅडम हळूच म्हणाल्या, "की आईबापाला कुणी येळेवर सांगतच न्हाई. तुमचं उदाहरण देत आले."

"मला सांगितलं होतं, मॅडम. त्या बाई सोबत यायलाही तयार होत्या."

पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला.

"हे पहिलीचं पुस्तक पाठवलं तर?" संयोगितानं विचारलं. "ह्यात सगळं लिहिलंय. ती सहा वर्षांची असतानाच शाळेला कळलं होतं, हे दिसतंय की त्यात."

"ते पाठवलं तर तुमचं निवेदन खोटं ठरतंय, आणि खोट्या निवेदनाला अर्ज रद्द. न्हाई पाठवलं तर तुमची पोरगी अ-दोन हाय. सांगा ताई, मी काय घेऊन भांडू?"

"तुम्ही बोलून बघा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

"म्हणूनच." मॅडमनी तिला पुढं बोलू दिलं नाही. "त्या शब्दावर अजून बासष्ट पोरं हायत. एकदा माझी सही खोट्याखाली निघाली, तर उद्या माझं कोण ऐकणार? मी आज रातीच समितीला कळवते, मोनाचा अर्ज मागं घेतला म्हणून. कारण सांगत न्हाई. तेवढंच करू शकते मी तुमच्यासाठी."

"मग ती जागा?"

"कबनूरचा गुंडू हाय यादीत पुढं. त्याची आई मागावर कापड विणाय जाती. पोराचं पहिलीपासनं सगळ्या विषयांत ड. तिनं सगळी पुस्तकं जपून आणलीती, एका पिशवीत. तिला वाचाय येत न्हाई, पण कोणतं पुस्तक कोणत्या वर्षाचं ते पाठ हुतं."

"चांगलं झालं," संयोगिता म्हणाली. तसं तिला खरंच वाटलं की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"गटाला येत चला, ताई. दुसऱ्या शनिवारी."

"येईन."

मॅडमनी फोन ठेवला. पुस्तिकेतलं ते पहिलं पान आता काढावं लागेल, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. संयोगिता पडवीच्या पायरीवर बसून राहिली. उन्हं उतरत होती. मोना एकवीस वर्षांची होईल, एकतीसची होईल. आपण साठीच्या होऊ. तिला कुणीतरी विचारेल, नाव काय गं तुझं, लिही बघू इथं. तिला त्या कागदापुढं बसलेली मोना इतकी स्पष्ट दिसली की तिनं डोळे मिटून घेतले, आणि मिटले तरी ती दिसतच राहिली.

ती आत आली तेव्हा गुरुजी गेले होते. अमरसिंह मांडववाल्याशी फोनवर बोलत बाहेर फेऱ्या मारत होता. उदयसिंह कुठं दिसला नाही. आक्का डोळे मिटून पडली होती, झोपली नव्हती. दिवाणखान्यात आबा एकटे होते आणि मोना त्यांच्या मांडीवर डोकं टाकून लवंडली होती. एवढी मोठी पोर, पाय लांबपर्यंत गेलेले.

"काय म्हणल्या?" आबांनी विचारलं.

"जागा गेली."

आबांना वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आलं, लपवायचं त्यांना जमलं नाही. त्यांनी मोनाच्या केसांवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर संयोगिताचं काम सोपं झालं असतं.

"रडू नको पोरी," ते म्हणाले. ती रडत नव्हती. "सहावीला आपल्याच शाळंत घालू तिला. वर्गाच्या बाईंशी मी स्वतः बोलतो. तिला कोण घालूनपाडून बोलणार न्हाई, श्रेणीबिणीचं कोण काय काढणार न्हाई. सगळं नीट हुतंय. मी हाय की."

नको आबा, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. ते तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण आबांचं बोलणं ऐकता ऐकता सकाळपासून आवळून धरलेलं तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं, आणि तिला बरं वाटलं.

"चालेल, आबा," संयोगिता म्हणाली.